मद्यदेवाच्या मिरवणुकीतून जन्मली कॉमेडी

ग्रीसच्या खेड्यापाड्यांतील धिंगाण्याला अथेन्स शहराने सरकारी उत्सवात मानाची जागा दिली आणि युरोपच्या रंगभूमीला विनोदी नाटक मिळाले. सत्ताधाऱ्यांची टिंगल कुठवर करावी, हा वादही तेथेच सुरू झाला.

इ.स.पू. ४२४ च्या हिवाळ्यात अथेन्समध्ये एक नाटक झाले. नाटकात डेमोस नावाचा एक म्हातारा आहे. कानाने अधू, स्वभावाने तापट आणि खुशामतीला चटकन भुलणारा. ग्रीक भाषेत 'डेमोस' म्हणजे जनता. त्यामुळे हा म्हातारा कोण, हे प्रेक्षकांना समजावून सांगावे लागले नाही. त्याच्या घरात नुकताच एक नवा गुलाम आला आहे. तो धन्याची मर्जी राखतो, त्याला गोडधोड भरवतो, बाकीच्या गुलामांना फटके खायला लावतो आणि धन्याचा डोळा चुकवून घर लुटतो. हा गुलाम म्हणजे क्लिऑन, त्या वेळचा अथेन्सचा सर्वांत वजनदार पुढारी. त्याला घरातून हुसकायचे तर त्याच्याहूनही निर्लज्ज माणूस हवा. तसा एक जण बाजारात सापडतो. आतड्यांत मांस भरून ते विकणारा हा फेरीवाला जेमतेम अक्षरओळख असलेला आहे आणि नेमकी हीच राजकारणात पडण्याची मोठी पात्रता, असे त्याला समजावले जाते. मग दोघांत शिव्याशापांची, खोट्या आश्वासनांची आणि लाडीगोडीची अशी काही जुगलबंदी रंगते की ज्याचे नाव ते. शेवटी फेरीवाला जिंकतो.

नाटकाचे नाव होते 'घोडेस्वार' आणि नाटककार ॲरिस्टोफेनीस. वय अवघे बाविशीच्या आसपास. क्लिऑन तेव्हा काही पदच्युत झालेला नव्हता. आदल्याच वर्षी पायलॉस येथे स्पार्टाच्या सैनिकांना कैद करून आणल्याबद्दल त्याला नाट्यगृहात पुढच्या आसनावर बसण्याचा मान मिळाला होता. अशा माणसाची भर उत्सवात, हजारो नागरिकांसमोर ही शोभा! परीक्षकांनी या नाटकाला पहिले बक्षीस दिले. गंमत पुढेच आहे. थोड्याच आठवड्यांनी याच अथेन्सवासीयांनी क्लिऑनला सेनापती म्हणून निवडून दिले. पोट धरून हसले आणि मत मात्र त्यालाच दिले.

हे सारे एका देवाच्या उत्सवात, शहराच्या व्यवस्थेखाली आणि शहराने नेमलेल्या धनिकाच्या खर्चाने झाले होते. जगातील कोणत्या राज्यकर्त्यांना अशी हौस असते? ही मोकळीक आली कोठून, याचा शोध घ्यायचा तर शहर सोडून ग्रीसच्या द्राक्षमळ्यांकडे वळावे लागते.

कोमोस म्हणजे धिंगाणा

'कॉमेडी' हा शब्द आता आपल्या तोंडी इतका बसला आहे की तो परका वाटतच नाही. त्याचे मूळ ग्रीक रूप 'कोमोडिया'. त्यातील शेवटचा भाग गाण्याचा, याबद्दल दुमत नाही. वाद आहे तो पहिल्या भागाबद्दल, आणि हा वाद खुद्द ॲरिस्टॉटलच्या काळापासून चालत आलेला आहे. स्पार्टा आणि मेगारा या भागांत राहणारे डोरियन लोक म्हणत, कॉमेडी आमची. आमच्याकडे खेड्याला 'कोमे' म्हणतात. शहरातून हाकलून दिलेले सोंगाडे खेडोपाडी हिंडत, त्यावरून हा शब्द आला. मेगाराचे लोक तर आणखी पुढे जाऊन सांगत की, आमच्याकडे लोकांचे राज्य होते तेव्हाच कॉमेडी जन्मली. थट्टा आणि लोकशाही यांची सोयरीक त्या काळीही लोकांना जाणवत होती, हे त्यावरून दिसते.

बहुतेक अभ्यासकांनी मात्र दुसरी व्युत्पत्ती मान्य केली आहे. 'कोमोस' म्हणजे मद्य पिऊन, मशाली घेऊन, बासरीसारख्या वाद्याच्या तालावर रस्त्याने नाचत-गात निघालेली टोळी. वाटेत जो भेटेल त्याची फिरकी घ्यायची, ज्याचे दार दिसेल ते ठोठावायचे. या कोमोसचे गाणे ते कोमोडिया.

ॲरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'त आणखी एक धागा दिला आहे. तो म्हणतो की शोकांतिका जशी देवस्तुतीच्या समूहगीतांतून निघाली, तशी कॉमेडी लिंगप्रतीकाच्या मिरवणुकीत गाणी म्हणणाऱ्यांच्या पुढाऱ्यांपासून निघाली. त्याच्या काळीही अनेक गावांत ही प्रथा चालू होती. आजच्या वाचकाला हे ऐकून अवघडल्यासारखे होईल. पण डायोनिसस हा द्राक्षवेलींचा, मद्याचा आणि स्वतःला विसरायला लावणाऱ्या धुंदीचा देव. पीक यावे, जनावरे वाढावीत, घरात मुले व्हावीत, यासाठीचा तो उत्सव. त्यात सृजनाचे चिन्ह मिरवण्याची कोणाला लाज वाटत नव्हती.

अशी मिरवणूक दिसते कशी, हे सुदैवाने आपल्याला ॲरिस्टोफेनीसनेच दाखवून ठेवले आहे. इ.स.पू. ४२५ मधील 'अकार्नियन्स' या त्याच्या नाटकाचा नायक डिकायोपोलिस हा युद्धाला विटलेला शेतकरी. अथेन्स तह करत नाही, तेव्हा हा पठ्ठ्या स्वतःच्या घरापुरता शत्रूशी तह करून मोकळा होतो! तह होताच तो पहिले काम करतो ते गावाकडच्या डायोनिसस-उत्सवाचे. पुढे डोक्यावर टोपली घेतलेली लेक, मागे लिंगप्रतीकाचा खांब उभा धरलेला गुलाम आणि सर्वांत शेवटी गाणे म्हणणारा तो स्वतः. बायकोला तो गच्चीवर चढून मिरवणूक बघायला सांगतो. गर्दीत कोणी दागिने लांबवील, सांभाळ, अशी मुलीला ताकीद देतो. गर्दी कसली, तर मिरवणुकीत घरची तीन माणसे आणि बघायला एक बायको! हसता हसता प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आले असेल तर नवल नाही. स्पार्टाच्या स्वाऱ्यांमुळे अथेन्सच्या आसपासचे शेतकरी गेली सहा वर्षे पुन्हा पुन्हा घरदार सोडून तटबंदीच्या आत दाटीवाटीने राहत होते. गावचा उत्सव त्यांना पारखा झाला होता.

उत्सवात अपशब्द वापरायला मोकळीक असणे ही ग्रीकांत सर्वत्र रुळलेली गोष्ट होती. एल्युसिस येथे देवीच्या यात्रेला जाणाऱ्या भाविकांची वाटेतील पुलावर टवाळी होई, आणि त्यात गावातील बड्या धेंडांनाही सोडत नसत. आपल्याकडील शिमगा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. दोहोंचा इतिहासात काही संबंध नाही; पण वर्षातून एक दिवस तोंड मोकळे सोडण्याची गरज माणसाला सगळीकडे वाटते, एवढे खरे.

सोंगांचा पुरावा मातीच्या भांड्यांवर सापडतो. कॉरिंथ शहरातील जुन्या भांड्यांवर पोट आणि नितंब फुगवलेले नाचे रंगवले आहेत. अथेन्समधील भांड्यांवर पशुपक्ष्यांची सोंगे घेतलेल्या माणसांच्या रांगा आहेत. कोणी डॉल्फिनवर बसले आहेत, कोणी शहामृगावर. बर्लिनच्या संग्रहालयात इ.स.पू. सहाव्या शतकाच्या मध्यातील एक कुंभ आहे. त्यावर घोड्याचे मुखवटे घातलेली माणसे वाकून उभी आहेत, त्यांच्या पाठीवर स्वार बसले आहेत आणि समोर वादक उभा आहे. क्लिऑनची खोड मोडणाऱ्या त्या 'घोडेस्वार' नाटकातही घोडेस्वारांचाच कोरस होता. म्हणजे नाटक लिहिले जाण्यापूर्वी शंभर-सव्वाशे वर्षे त्याच्या कोरसची सोंगे तयार होती.

अंजिरांची टोपली

पॅरोस बेटावर सापडलेल्या एका कोरीव शिलालेखात अशी नोंद आहे की, अथेन्सजवळील इकारिया गावच्या लोकांनी पहिला विनोदी कोरस उभा केला, तो सुसारियन नावाच्या माणसाने शोधून काढला, आणि त्याचे बक्षीस होते सुक्या अंजिरांची एक टोपली व मद्याचे एक माप. हा सुसारियन इतिहासातला की दंतकथेतला, यावर पंडितांचे एकमत नाही. बक्षीस मात्र अस्सल गावचे वाटते.

शोकांतिकेला अथेन्सच्या मोठ्या डायोनिसिया उत्सवात जागा मिळाली ती परंपरेनुसार इ.स.पू. ५३४ च्या सुमारास. कॉमेडीला त्यासाठी जवळजवळ अर्धे शतक ताटकळावे लागले. इ.स.पू. ४८६ मध्ये तिची अधिकृत स्पर्धा सुरू झाली, आणि पहिल्या विजेत्याचे नाव किओनिडिस असे सांगतात. त्याआधी हौशी मंडळी आपापल्या खर्चाने हा खेळ करत. कॉमेडीचा आरंभ अंधारात का राहिला, याचे ॲरिस्टॉटलने दिलेले कारण मार्मिक आहे: सुरुवातीला तिला कोणी गंभीरपणे घेतलेच नाही. मुखवटे कोणी आणले, नटांची संख्या कोणी ठरवली, याची नोंद कोणी ठेवली नाही. विनोदाच्या वाट्याला हा भोग पहिल्यापासूनच आलेला दिसतो. कॉमेडीवर ॲरिस्टॉटलने स्वतंत्र भाग लिहिला असावा, असे मानतात, तोही हरवला. (उंबर्तो एको या इटालियन लेखकाने १९८० मध्ये या हरवलेल्या भागाभोवतीच 'द नेम ऑफ द रोझ' ही रहस्यकादंबरी रचली.)

सरकारी शिक्का बसल्यावर मात्र व्यवस्था चोख झाली. आर्कोन हा अधिकारी कवींची निवड करून त्यांना 'कोरस देई'. कोरसचे प्रशिक्षण आणि पोशाख यांचा खर्च एका श्रीमंत नागरिकावर सोपवला जाई. हा एक प्रकारचा करच, पण मिरवण्यासारखा. शोकांतिकेच्या कोरसमध्ये १२, पुढे १५ माणसे असत, कॉमेडीत २४. नट सगळे पुरुष, स्त्रीपात्रेही तेच करत. अंगावर गाद्या बांधून फुगवलेले पोट, चेहऱ्यावर विचित्र मुखवटा आणि आखूड कपड्याखाली लोंबणारे चामड्याचे लिंगप्रतीक, असा थाट. म्हणजे शहरात आली तरी कॉमेडीने गावचा पोशाख उतरवला नव्हता. परीक्षक दहा, पण दहापैकी पाचच मते चिठ्ठीसारखी उचलून निकाल लावत. कोणाला लाच द्यायची हे कळू नये, याची ही नामी युक्ती!

खेळ होत ॲक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर. आज पर्यटक पाहतात ते दगडी नाट्यगृह नंतरच्या शतकातील आहे. ॲरिस्टोफेनीसच्या वेळी लोक लाकडी बाकांवर बसत. जुन्या पुस्तकांत पंधरा-सतरा हजार प्रेक्षकांचा आकडा दिलेला असतो. अलीकडच्या उत्खननांनंतर अभ्यासक त्या काळासाठी पाच-सहा हजारांच्या आसपासचा अंदाज धरतात.

नाटकाच्या मध्यावर एक चमत्कारिक प्रकार घडे. पात्रे आत जात, कोरस प्रेक्षकांसमोर येई आणि कथानक बाजूला ठेवून थेट त्यांच्याशी बोलू लागे. याला 'पॅराबॅसिस' म्हणत. कवी त्यात स्वतःची बढाई मारी, प्रतिस्पर्ध्यांची रेवडी उडवी, गेल्या वर्षी मला बक्षीस का दिले नाही म्हणून परीक्षकांना झापे आणि शहराच्या कारभाराबद्दल दोन शब्द सुनावी. जुन्या मिरवणुकीचा, रस्त्यावरच्या माणसाला अडवून त्याची फिरकी घेण्याचा हा अवशेष असावा, असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते, आणि ते पटतेही.

बांधेसूद गोष्ट मात्र बाहेरून आली. सिसिली बेटावरील सिराक्यूज शहरात एपिकार्मस नावाचा कवी इ.स.पू. पाचव्या शतकाच्या आरंभी विनोदी नाटके रचत होता. कथानक रचण्याची रीत सिसिलीतून आली आणि अथेन्समध्ये क्रेटिस या कवीने नुसती व्यक्तिगत निंदा सोडून सर्वसाधारण गोष्टी रचल्या, असे ॲरिस्टॉटल सांगतो. म्हणजे शिवी गावची, गोष्ट सिसिलीची आणि रंगमंच अथेन्सचा.

क्लिऑनचा संताप

अथेन्समध्ये मोकळीक होती म्हणजे सगळे आलबेल होते, असे कोणी समजू नये. इ.स.पू. ४४० च्या सुमारास, सामोस बेटाशी युद्ध चालू असताना, कॉमेडीतील टवाळीवर बंधन घालणारा ठराव झाला होता. तो तीन वर्षांत मागे घेण्यात आला.

ॲरिस्टोफेनीसला चटका बसला तो इ.स.पू. ४२६ मध्ये. 'बॅबिलोनियन्स' या नाटकात त्याने अथेन्सच्या अधिकाऱ्यांची आणि क्लिऑनची टर उडवली. हे नाटक झाले वसंत ऋतूतील मोठ्या डायोनिसियात. तेव्हा समुद्र प्रवासाला खुला झालेला असे आणि अंकित शहरांचे प्रतिनिधी खंडणी घेऊन अथेन्सला आलेले असत. परक्यांसमोर शहराची बदनामी केली, अशी तक्रार क्लिऑनने नगरसभेपुढे नेली. नाटककार कसाबसा सुटला. पुढच्या वर्षीचे 'अकार्नियन्स' त्याने लेनाया या हिवाळी उत्सवात आणले. थंडीत जहाजे बंद, त्यामुळे पाहुणे नाहीत. आणि नाटकातील नायकाच्या तोंडून तो चक्क सांगतो की, आता आपण घरचेच लोक आहोत, आता क्लिऑन माझ्यावर परक्यांसमोर बोलल्याचा आळ घेऊ शकत नाही! त्याच्यानंतरचे वर्ष 'घोडेस्वार'चे. धमकीला त्याने दिलेले उत्तर हे असे होते. क्लिऑनच्या चेहऱ्याचा मुखवटा बनवायला कारागीर घाबरले, असे त्या नाटकातच म्हटले आहे.

तेव्हा परवानगी होती, पण ती दरवेळी ताणून पाहावी लागे. युद्धाच्या ऐन भरात, शत्रूशी तह करा असे सांगणारी नाटके लिहिणे हे काही खाण्याचे काम नव्हे. सिसिलीवरील स्वारीत इ.स.पू. ४१३ मध्ये अथेन्सचे आरमार आणि सैन्य धुळीला मिळाले. त्यानंतर दोनच वर्षांनी आलेल्या 'लायसिस्ट्राटा'त दोन्ही बाजूंच्या बायका एकत्र येतात, लढाई थांबेपर्यंत नवऱ्यांना जवळ येऊ द्यायचे नाही असे ठरवतात आणि युद्धाचा खजिना ताब्यात घेऊन बसतात. आचरट विनोदांनी भरलेल्या या नाटकात एक क्षण असा येतो की, युद्धात मुले देणाऱ्या आयांचा वाटा कोण मोजतो, असा प्रश्न नायिका अधिकाऱ्याला करते. ज्या घरांतून नुकतीच माणसे गेली होती, त्या घरांतील लोक समोर बसले होते. २००३ च्या मार्चमध्ये इराकवरील हल्ल्याला विरोध म्हणून जगभर एकाच दिवशी या नाटकाची हजारावर वाचने झाली.

कवींची आपसातील भांडणेही तितकीच जहाल. 'घोडेस्वार'मध्ये ॲरिस्टोफेनीसने क्रॅटिनस या ज्येष्ठ कवीची कीव केली होती: बिचारा एके काळचा मोठा माणूस, आता दारूपायी वाया गेला, त्याला पेन्शनीत काढा. क्रॅटिनसने पुढच्याच वर्षी 'मद्याची सुरई' हे नाटक आणले. त्यात नायक तो स्वतः! त्याच्या बायकोचे नाव कॉमेडी, आणि ती तक्रार घेऊन आली आहे की नवरा मला टाकून दारूच्या नादी लागला. या नाटकाला पहिले बक्षीस मिळाले. त्याच स्पर्धेत ॲरिस्टोफेनीसचे 'मेघ' तिसरे, म्हणजे शेवटचे आले. म्हातारा जिंकला. दुर्दैवाने 'सुरई'चे आज काही तुकडेच उरले आहेत.

टोपलीतला सॉक्रेटिस

हरलेल्या त्या 'मेघ' नाटकाची कथा कॉमेडीच्या इतिहासातील सर्वांत अस्वस्थ करणारी आहे. इ.स.पू. ४२३ मधील या नाटकात मुलाच्या घोड्यांच्या शौकापायी कर्जात बुडालेला एक शेतकरी सॉक्रेटिसच्या 'विचारशाळे'त जातो. खोटी बाजू खरी करून दाखवण्याची विद्या शिकून सावकारांना बुडवायचे, हा त्याचा बेत. सॉक्रेटिस त्याला दिसतो तो टोपलीत बसून अधांतरी लोंबकळताना, सूर्याचा विचार करताना. तो देवांना मानत नाही, ढगांना मानतो. शेवटी ही विद्या शिकलेला मुलगा बापालाच बडवतो आणि ते योग्य कसे, हे सिद्धही करून दाखवतो. संतापलेला बाप शाळेला आग लावतो.

खरा सॉक्रेटिस फी घेऊन वक्तृत्व शिकवत नसे. कवीने त्या काळच्या सगळ्या नव्या पंडितांचे गाठोडे त्याच्या डोक्यावर ठेवले, कारण त्याचा चेहरा आणि अनवाणी चाल सर्वांच्या ओळखीची होती. पुढे एक आख्यायिका झाली की, नाटक चालू असताना सॉक्रेटिस प्रेक्षकांत शांतपणे उठून उभा राहिला, म्हणजे परगावच्या लोकांना अस्सल आणि नक्कल ताडून पाहता यावी.

नाटकानंतर २४ वर्षांनी, इ.स.पू. ३९९ मध्ये, सॉक्रेटिसवर खटला भरला गेला. शहराचे देव न मानणे आणि तरुणांना बिघडवणे, हे आरोप. प्लेटोने लिहिलेल्या त्याच्या बचावाच्या भाषणात सॉक्रेटिस म्हणतो की, आज समोर उभ्या असलेल्या फिर्यादींपेक्षा मला भीती वाटते ती जुन्या फिर्यादींची, ज्यांनी तुम्ही लहान असताना तुमचे कान भरले. आणि हवेत लोंबणारा सॉक्रेटिस तुम्ही ॲरिस्टोफेनीसच्या कॉमेडीत पाहिलाच आहे. सुमारे ५०० ज्यूरींनी बहुमताने त्याला दोषी ठरवले. विषाचा पेला त्याच्या हाती आला.

मग नाटककार गुन्हेगार? हे एकदम मान्य करता येत नाही. खुद्द प्लेटोने 'सिम्पोझियम'मध्ये दोघांना एकाच मेजवानीत बसवले आहे. पहाटेपर्यंत मद्य घेत दोघे बोलत राहतात. एकाच माणसाला शोकांतिका आणि कॉमेडी दोन्ही लिहिता यायला हव्यात, असे सॉक्रेटिस पटवून देत असतो आणि ॲरिस्टोफेनीसला झोप लागते. हे वैऱ्यांचे चित्र नव्हे. पण क्लिऑनची टिंगल आणि सॉक्रेटिसची टिंगल यांत मला तरी एक फरक दिसतो. क्लिऑनकडे मते होती, सत्ता होती, उलट वार करण्याची ताकद होती. 'घोडेस्वार'ने त्याचा केसही वाकडा झाला नाही. सॉक्रेटिसकडे यातले काहीच नव्हते. एका हिवाळ्यात बलाढ्य पुढाऱ्याला न लागलेला तोच बाण दुसऱ्या वर्षी एका निःशस्त्र माणसाच्या अंगात रुतून राहिला, आणि तो रुतला आहे हे २४ वर्षांनी कळले.

घरात शिरलेली कॉमेडी

इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्सने स्पार्टापुढे शरणागती पत्करली. त्यानंतर कॉमेडीचा आवाज हळूहळू बदलला. पॅराबॅसिस गळून पडले, कोरस नुसता अंकांच्या मधली गाणी म्हणण्यापुरता राहिला. ॲरिस्टोफेनीसची सुमारे ४० पैकी ११ नाटके आज उपलब्ध आहेत, त्यांपैकी शेवटचे 'संपत्ती' (इ.स.पू. ३८८) वाचताना हा बदल स्पष्ट जाणवतो. पुढे मॅसिडोनियाची सत्ता आली. इ.स.पू. ३१७ पासून त्यांच्या मर्जीतला एक कारभारी अथेन्सवर बसला. पुढच्याच वर्षी मिनँडर या तरुण नाटककाराला 'डिस्कोलोस' म्हणजे 'तिरसट म्हातारा' या नाटकासाठी पहिले बक्षीस मिळाले. यात ना पुढारी, ना युद्ध. माणूसघाणा बाप, त्याची मुलगी, तिच्यावर भाळलेला श्रीमंत तरुण, चलाख नोकर. मिनँडरची शंभराहून अधिक नाटके काळाच्या ओघात लुप्त झाली होती. हे एक जवळजवळ संपूर्ण स्वरूपात इजिप्तमधील पपायरसवर सापडले आणि १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले.

हा घरगुती विनोद चांगलाच प्रवासी निघाला. रोमच्या प्लॉटस आणि टेरेन्स यांनी ग्रीक नाटकांवरून लॅटिन नाटके रचली. प्लॉटसच्या जुळ्या भावांवरून शेक्सपिअरने 'कॉमेडी ऑफ एरर्स' लिहिले आणि जुळ्या मालकांना जुळे नोकरही जोडले. त्याचे ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८६९ मध्ये बंगालीत 'भ्रांतिविलास' केले. गुलजार यांचा १९८२ मधील 'अंगूर' पाहून आपण जे लोटपोट झालो, त्याची मुळे अशी रोममार्गे ग्रीसपर्यंत जातात. प्लॉटसच्या सोन्याचे मडके लपवणाऱ्या कंजूष म्हाताऱ्यावरून मोलिएरने १६६८ मध्ये 'लाव्हार' लिहिले, आणि मोलिएरवरून आचार्य अत्रे यांनी 'कवडीचुंबक'. अत्र्यांचा तो चिक्कू शेटजी म्हणजे ग्रीकांचाच दूरचा नातलग.

ॲरिस्टोफेनीसच्या नाटकांची परंपरा मात्र अशी हातोहात पुढे गेली नाही. पुढाऱ्याचे नाव घेऊन त्याला रंगमंचावर ओढणारा विनोद कोणाही राज्यकर्त्याला परवडण्यासारखा नव्हता. त्याची नाटके ग्रंथालयांत टिकली. अस्सल ग्रीक भाषेचा नमुना म्हणून शाळामास्तरांनी ती जपली.

तो रंगमंचावर आला की काय होते, याचा अनुभव खुद्द अथेन्सने विसाव्या शतकात घेतला. १९५९ च्या ऑगस्टमध्ये कारोलोस कून या दिग्दर्शकाने ॲक्रोपोलिसच्या त्याच दक्षिण उतारावरील हेरोडिस ॲटिकसच्या प्राचीन नाट्यगृहात ॲरिस्टोफेनीसचे 'पक्षी' सादर केले. संगीत मानोस हात्झिदाकिस यांचे. शहरातील कोर्टकचेऱ्यांना कंटाळलेले दोन अथेन्सवासी पक्ष्यांना हाताशी धरून आकाशात नगरी वसवतात आणि माणसांच्या यज्ञाचा धूर देवांपर्यंत पोहोचू देत नाहीत, असे हे मूळ इ.स.पू. ४१४ मधील नाटक. कूनच्या प्रयोगात यज्ञ करायला आलेला पुरोहित ग्रीक चर्चमधील प्रार्थनेच्या चालीवर मंत्र म्हणू लागला, आणि प्रेक्षकांत गदारोळ झाला. दुसऱ्याच दिवशी मंत्री कॉन्स्टंटिनोस त्सात्सोस यांनी उरलेले प्रयोग बंद करवले. तेवीसशे बहात्तर वर्षांच्या जुन्या नाटकावर बंदी!

१९६२ मध्ये हाच प्रयोग पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय नाट्यमहोत्सवात गेला आणि त्याला पहिले पारितोषिक मिळाले. ग्रीसमधील लष्करी राजवट १९७४ मध्ये कोसळली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात कूनची मंडळी एपिडॉरसच्या प्राचीन नाट्यगृहात प्रथमच उतरली, आणि त्यांनी तेथे नेलेले नाटक होते 'पक्षी'.